सिअ‍ॅटल ते सॅन डिएगो, पाच आठवडे, हातात २,४०० डॉलर: रेल्वेने जमेल का?

नमस्कार मंडळी,

तिकिटं काढून झाली आणि आता धीर सुटतोय, म्हणून विचारतो आहे. मी ६६ वर्षांचा, बायको ६१. येत्या ३ जुलैला सिअ‍ॅटलला उतरतोय, ६ ऑगस्टला लॉस एंजेलिसहून परत. मधल्या पाच आठवड्यांत तीन घरं करायची आहेत. पुतण्या सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बॉथेलला, भाची सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला, आणि शेवटी सॅन डिएगोला बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे माई म्हणतो. माई १९७८ मध्ये लग्न होऊन तिकडे गेली, आता ७४ ची आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे तिचं इकडे येणं आता होणार नाही. दोघी बहिणींची नऊ वर्षांत गाठ नाही. खरं सांगायचं तर सगळा घाट त्यासाठीच घातला आहे.

विमानाची तिकिटं सोडून खर्चाला २,४०० डॉलर आहेत. विम्याचे पैसे वेगळे ठेवलेत, पण कोणता घ्यावा ते कळत नाही. राहायला घरची माणसं आहेत, तरी पाच आठवडे म्हणजे रक्कम मोठी नाही याची कल्पना आहे.

पुतण्या म्हणतो, काका, सगळीकडे विमानाने जा, दोन तासांत पोचाल. भाची म्हणते गाडी भाड्याने घ्या, समुद्राच्या कडेकडेने या. मी परवाना काढून नेऊ शकतो, पण उजव्या बाजूने, अनोळखी घाटात, या वयात नव्याने गाडी चालवायची नाही, हे माझं पक्कं आहे. बायकोला रेल्वे हवी आहे. तिला खिडकी मिळाली की बाकी काही लागत नाही.

मनात असलेली वाटणी अशी: पुतण्याकडे १२ दिवस, भाचीकडे १२ दिवस, माईकडे ५, लॉस एंजेलिसला हॉटेलात ४ दिवस बघण्यासाठी. बाकी प्रवासात.

विचारायचं ते हे. बसून रात्र काढायची रेल्वे आम्हाला झेपेल का? घरची मंडळी ऑफिसला गेल्यावर दिवसभर आम्ही दोघं गाडीशिवाय काय बघू शकतो? भाची योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला नेते म्हणते, ते खर्चात बसेल का? आणि कुठे पैसे वाचवायचे नाहीत, तेही सांगा. पोरांना ओझं व्हायचं नाही, एवढीच मनापासून इच्छा आहे.

*

प्रतिसाद, सिअ‍ॅटलहून

काका, स्वागत. एक गोष्ट आधी: यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ११ जून ते १९ जुलै फुटबॉलचा विश्वचषक आहे आणि सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, लॉस एंजेलिस ही तिन्ही यजमान शहरं आहेत. इथे ६ जुलैला बाद फेरीचा सामना आहे. तुम्ही घरी राहणार म्हणून हॉटेलच्या भावांची झळ लागणार नाही, पण त्या दिवशी शहरात जाऊ नका. लॉस एंजेलिसमधलं हॉटेल १९ तारखेनंतरचंच घ्या.

गाडीशिवाय इथे बरंच होतं. बॉथेलला लाइट रेल, म्हणजे शहरी रेल्वे, येत नाही, पण लिनवुडला येते आणि पुतण्या सकाळी कामावर जाताना पंधरा मिनिटांत सोडू शकेल. लिनवुडहून शहराच्या मध्यापर्यंत, अगदी विमानतळापर्यंत सुद्धा, मोठ्यांना सरसकट ३ डॉलर. बस-रेल्वेसाठीचं ऑर्का कार्ड घ्या, दोन तासांच्या आत बस बदलली तर पैसे पुन्हा जात नाहीत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुंदर म्हणजे बेनब्रिज बेटाची फेरी बोट. ३५ मिनिटांचा प्रवास, पायी जाणाऱ्याला तिकीट फक्त जाताना लागतं, येताना नाही. तुम्ही ६५ च्या पुढचे आहात, तुम्हाला अर्धं. आभाळ मोकळं असेल तर एका बाजूला शहर आणि त्याच्या मागे माउंट रेनिअर दिसतो. माझे आई-बाबा आले की मी त्यांना पहिल्या आठवड्यात तिथेच पाठवतो, तिकीट काढणं, बोर्ड वाचणं, परत येणं याची भीती तिथे मोडते.

दुसरं ठिकाण बॅलार्डचे लॉक्स. खारं पाणी आणि गोडं तळं यांच्यामध्ये १९१७ पासून चाललेली ही दारं, बोटी डोळ्यांदेखत वर चढतात आणि खाली उतरतात. शेजारी सामन माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे, काचेतून मासे प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. जुलै हा त्यांचा हंगाम. प्रवेश फुकट. काकूंना तिथून उठवावं लागेल.

बऱ्याच जुन्या घरांत इथे एसी नसतो, पण जुलैत रात्री गार असतात. उजेड नऊपर्यंत.

*

प्रतिसाद, मी हा प्रवास केला आहे

दादा, मी पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर होते. हिशेब लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यातल्या आमच्या प्रवासाची वही समोर ठेवूनच लिहिते आहे. लेक सिअ‍ॅटलजवळ, धाकटे दीर सॅन होजेला, माझी आतेबहीण लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. हे तेव्हा ६८ चे, मी ६२ ची.

रेल्वेने व्यवस्थित जमतं. वहिनींना खिडकी हवी आहे ना, मग विमानाचा विचार सोडा. इथल्या देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या पहिल्या बॅगेचेसुद्धा वेगळे पैसे घेतात, आणि तुमच्याकडे माईसाठी नेलेलं सामान असणारच. अ‍ॅमट्रॅक ही तिथली प्रवासी रेल्वे कंपनी. तिच्या सिअ‍ॅटल-लॉस एंजेलिस गाडीत माणशी दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी ५० पौंडांपर्यंत, लगेजच्या डब्यात फुकट देता येतात. हातातल्या दोन वेगळ्या.

गाडीचं नाव कोस्ट स्टारलाइट. सिअ‍ॅटल ते लॉस एंजेलिस १,३७७ मैल, म्हणजे २,२०० किलोमीटरच्या वर, साधारण ३५ तास. दिवसाला एकच, सिअ‍ॅटलहून सकाळी दहाच्या सुमारास. झोपायची खोली फार महाग, ती बघूसुद्धा नका. साधी खुर्ची घ्या. पाय पूर्ण लांब करता येतात, खुर्ची बरीच मागे जाते, पोटऱ्यांखाली फळी येते. शिवाय एक डबा जवळजवळ सगळा काचेचा असतो, खुर्च्या बाहेर तोंड करून. तिथे कुणीही बसावं, वेगळे पैसे नाहीत. ६५ च्या पुढच्याला तिकिटात दहा टक्के सूट आहे, ती तुमच्यासाठी मागा. भाव मागणीप्रमाणे चढतात, म्हणून आजच तारखा बघा.

पण ३५ तास एका दमात करू नका. आम्ही असं केलं: सिअ‍ॅटल ते पोर्टलंड दुसऱ्या गाडीने गेलो, अ‍ॅमट्रॅकचीच कॅस्केड्स. दिवसातून अनेक वेळा असते, साडेतीन तास, तिकीट स्वस्त. पोर्टलंडला दोन रात्री राहिलो, मग दुपारी दोनच्या पुढे तिथूनच कोस्ट स्टारलाइट पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सॅन होजे, तुमच्या फ्रीमाँटच्या जवळचंच. म्हणजे बसून एकच रात्र. माझ्या वहीत दोघांचे पोर्टलंड ते सॅन होजे २०९ डॉलर आहेत.

ती दुपार आणि संध्याकाळ मी विसरणार नाही. युजीन सोडलं की गाडी कॅस्केड डोंगर चढायला लागते. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन पुढे दिसतं, फरची उंच झाडं, मध्येच बोगदा, मध्येच एकदम खोल दरी. आणि हे सगळं उजेडी. माउंट शास्ता मात्र रात्रीच मागे पडतो, दक्षिणेकडे जाताना तो दिसत नाही, वहिनींना आधीच सांगून ठेवा. रात्री डब्यात गारठा होतो. यांनी लोकरीचे मोजे मोठ्या बॅगेत टाकून ती लगेजला दिली होती, मी माझी शाल त्यांच्या पायांना गुंडाळून पहाटेपर्यंत स्वेटरवर काढली. शाल, मोजे, कानटोपी, गोळ्या हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीत खायला मिळतं, पण धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलात तर दोन वेळचे पैसे वाचतात. रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत, लांबची गाडी आहे, उशीर होऊ शकतो, तेव्हा पोचायच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

आता पोर्टलंडच्या दोन रात्री का, ते सांगते. आम्ही होस्टेलमध्ये स्वतंत्र खोली घेतली होती, दोन रात्रींचे १९६ डॉलर, खाली मोठं स्वयंपाकघर. लेकीकडून निघून थेट दिरांकडे गेलो असतो तर एका घरच्या सवयींतून उठून लगेच दुसऱ्या घरच्या सवयींत. लेकीकडे साडेसहाला जेवण, दिरांकडे नऊला. मध्ये दोन दिवस आमचे आम्ही होतो. हवं तेव्हा उठलो, मी खिचडी टाकली, यांनी भांडी घासली, कुणाला विचारायचं नव्हतं. दिरांकडे पोचलो तेव्हा दोघंही ताजे होतो. पाहुण्यानेही मध्येच स्वतःच्या घरात असल्यासारखं राहावं लागतं. तो खर्च मी पुन्हा आनंदाने करीन.

पोर्टलंड हे ऑरेगन राज्यात, आणि ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही. सिअ‍ॅटलमध्ये तो दहा टक्क्यांच्या वर आहे. भाचीला, माईला, परत नेण्यासाठी जे काही घ्यायचं ते पोर्टलंडला घ्या, पाटीवर लिहिलंय तेवढेच पैसे द्यायचे. ट्राम आणि बसचं अडीच तासांचं तिकीट २.८० डॉलर. वॉशिंग्टन पार्कमधली गुलाबाची बाग १९१७ पासूनची, फुकट, जुलैत अजून फुललेली असते. मल्टनोमा धबधबा ६२० फूट, शहरातून बस जाते. आणि गाडीशिवाय पॅसिफिक बघायचा असेल तर रेल्वे स्टेशनवरून कॅनन बीचला बस आहे. तिथे वाळूत २३५ फुटांचा एकच काळा खडक उभा आहे, ओहोटीला त्याच्या पायथ्याशी जाता येतं. १९६७ च्या कायद्याने ऑरेगनचा सगळा समुद्रकिनारा लोकांसाठी खुला आहे, कुणी कुंपण घालू शकत नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

पुढे सॅन होजे ते लॉस एंजेलिस पुन्हा हीच गाडी. सकाळी दहाला निघते, रात्री नऊच्या सुमारास पोचते. सॅन लुइस ओबिस्पोच्या पुढे सांता बार्बरापर्यंत समुद्र अगदी खिडकीखाली. उजवीकडची जागा मागा. या पट्ट्यात काही ठिकाणी मोटारीचा रस्ताही जवळ नाही, रेल्वेत बसलेल्यालाच तो किनारा दिसतो. बिग सर हा कड्यांचा किनारा मात्र रेल्वेतून दिसत नाही, तिथे रूळ आत वळतात.

आता तुमच्या वाटणीबद्दल. रागावू नका, पण माईकडे ५ दिवस हे मला खुपलं. प्रवास तिच्यासाठी म्हणता आणि सगळ्यात कमी दिवस तिलाच. मी अगदी हेच केलं होतं. आतेबहिणीसाठी चार दिवस ठेवले, शेवटी, कारण विमान तिथून होतं. पहिला दिवस दमलेल्या अंगाने गेला, शेवटचा बॅगा भरण्यात. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने आम्हाला हौसेने हिंडवलं, ती घरी राहिली कारण तिला चालवत नव्हतं. तिसऱ्या रात्री तिने जुन्या फोटोंचा डबा काढला. माझ्या आत्याचं लग्न, आमच्या दोघींचे परकर-पोलक्यातले फोटो, मागे तिच्या हाताने लिहिलेल्या तारखा. एक वाजला तशी ती म्हणाली, उरलेलं उद्या. उद्या आवराआवर होती. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. अर्धा डबा बघायचा राहिला आहे.

म्हणून सांगते, लॉस एंजेलिसचे चार दिवस काढून टाका. पुतण्या आणि भाची तरुण आहेत, ती तुमच्याकडे येतील. माझ्या मते असं करा: १३ जुलैपर्यंत बॉथेल, १५ पर्यंत पोर्टलंड, १६ ते २५ फ्रीमाँट, २५ ची रात्र लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनजवळ, २६ ला सॅन डिएगो आणि ५ ऑगस्टपर्यंत तिथेच. दहा रात्री. तुमचं विमान ६ चं, ५ ला परत लॉस एंजेलिसला या आणि त्या संध्याकाळी ग्रिफिथ वेधशाळा बघा. १९३५ पासून प्रवेश फुकट, मेट्रो आणि पुढे छोटी बस, वरून सगळं शहर दिव्यांत दिसतं. युनियन स्टेशनवरून विमानतळाला थेट बस आहे.

लॉस एंजेलिस ते सॅन डिएगो पॅसिफिक सर्फलायनर ही गाडी, तीन तासांच्या आसपास. सॅन क्लेमेंटेला रूळ वाळूलाच टेकतात. त्या टेकडीची माती मागच्या काही वर्षांत अनेकदा घसरून मार्ग बंद झाला आहे, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा.

आमचा पाच आठवड्यांचा खर्च, विमा आणि विमान सोडून, दोघांचा २,१६० डॉलर झाला होता. त्यात भेटवस्तू ३४०. तुमच्या पैशांत बसेल.

*

प्रतिसाद, फ्रीमाँटच्या शेजारच्या गावातून

ताईंनी रेल्वेचं सगळं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो.

योसेमिटी: २०२६ पासून नियम बदलला आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्याला योसेमिटीसह ११ गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेशाखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात, किंवा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा लागतो. भाचीला हे कदाचित माहीत नसेल, कारण इथल्या रहिवाशांना जुन्याच ८० डॉलरच्या पासवर जाता येतं. तुमच्या २,४०० मधले २०० नुसत्या दारावर जाऊ शकतात. योसेमिटी अप्रतिम आहे, मी आठ वेळा गेलो आहे, तरी या खेपेला सोडा असंच म्हणेन. सिअ‍ॅटलकडची माउंट रेनिअर आणि ऑलिंपिक ही उद्यानं त्या ११ मध्ये नाहीत, पुतण्याला त्यातलं एक दाखवायला सांगा.

रेडवुडची झाडं बघायची तर सांता क्रूझजवळ हेन्री कॉवेल नावाचं राज्य उद्यान आहे. गाडी लावायचे दहा डॉलर. आत पाऊण मैलाची सपाट वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे बुंधे. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, ती हात न धरता फिरली आणि एका झाडाला टेकून बराच वेळ गप्प बसली.

बिग सरसाठी एक शनिवार भाचीच्या गाडीने जा, तिला चालवू द्या. मॉन्टेरे, कार्मेल, तिथून हायवे १ ने बिक्सबी पूल. हा पूल १९३२ चा आहे आणि तिथल्या कड्यांकडे बघितल्यावर तो त्या काळी कसा बांधला असेल याचा विचार करत आपण थांबतो. सकाळी सातला निघा, दहानंतर गाडी लावायला जागा नसते. या रस्त्यावर दरडी फार. २०२३ आणि २०२४ च्या दरडींनी दक्षिणेकडचा भाग कितीतरी काळ बंद होता. निघायच्या आदल्या रात्री कॅल्ट्रान्सचा, म्हणजे इथल्या रस्ते खात्याचा, क्विकमॅप हा नकाशा बघणं हे मी कुणाहीसोबत जाताना करतो. पेट्रोल मॉन्टेरेलाच भरा, पुढे भाव अंगावर येतो.

भाड्याच्या गाडीचा विचार मनात परत आला तर हे ऐका. एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली तर मोठा आकार लागतो. शिवाय गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून टोल घ्यायला माणूस नाही, कॅमेरा नंबर टिपतो. आई-बाबांसाठी मी एका कंपनीकडून गाडी घेतली होती, महिन्याने टोलपेक्षा जास्त 'सेवा आकार' कार्डावर लागून आला. भांडलो, पैसे परत आले नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोला मात्र गाडी नेऊच नका. फ्रीमाँटहून बार्ट ही लोकल रेल्वे पकडा, पाऊण तासात शहरात. गोल्डन गेट १९३७ चा, पायी जायला पैसे नाहीत. जुलैत फ्रीमाँटला चांगलं ऊन असतं आणि पुलावर धुकं आणि बोचरा वारा. जाकीट घातल्याशिवाय घराबाहेर पडू नका, दरवर्षी पाहुण्यांना हे सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी तिथे स्वेटर विकत घेतं.

ऑगस्टच्या सुमारास वणव्यांचा धूर येऊ शकतो. दम्याचा त्रास असेल तर सकाळी एअरनाऊ या संकेतस्थळावर हवा बघून बाहेर पडा.

*

प्रतिसाद, सॅन होजेहून

काका, मी इथे एका दवाखान्यात बिलांचं काम करते, म्हणून फक्त विम्याबद्दल. पैसे वाचवायचे नाहीत ती जागा हीच.

पाहुण्यांच्या विम्यात दोन जाती आहेत. एका जातीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते: डॉक्टरांच्या भेटीला इतके, दवाखान्यातल्या एका दिवसाला इतके. हप्ता कमी असतो आणि बिल त्या रकमेच्या कितीतरी पट येतं. दुसऱ्या जातीत आधी ठरलेला वाटा तुम्ही भरता आणि त्यापुढे बिलाचा मोठा भाग कंपनी उचलते. तुमच्या वयाला दुसरीच घ्या. आधीपासून रक्तदाब, साखर असेल तर 'जुना आजार अचानक बळावला तर' याबद्दल काय लिहिलं आहे ते शब्दन् शब्द वाचा, आणि तिथल्या वयाच्या अटी बघा. ६५ आणि ७० ला बऱ्याच ठिकाणी अटी बदलतात. दाखल झालेल्या कितीतरी आई-वडिलांची मुलं माझ्यासमोर बसून ती पानं पहिल्यांदा वाचतात. ते बघवत नाही.

ताप, खोकला, पाय मुरगळणं यासाठी इमर्जन्सीत जाऊ नका, अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, तिथे बिल पुष्कळ कमी येतं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं, यात मात्र पैशांचा विचार न करता ९११ या तातडीच्या नंबरला फोन. पाच आठवड्यांच्या गोळ्या आणि वर दहा दिवसांच्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

आणि ओझं होण्याबद्दल. माझ्याकडे दर उन्हाळ्यात कुणीतरी असतं. आम्हाला जड जातं ते पाहुणे दिवसभर आमची वाट बघत घरात बसतात तेव्हा. तुम्ही बार्टने जाऊन आलात आणि संध्याकाळी काय पाहिलं ते सांगितलंत की भाचीचा दिवसही बरा जाईल. आठवड्यातून दोनदा काकूंनी आमटी-भात केला तर तिला तेवढं पुरे.

*

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. हिला सगळं वाचून दाखवलं. फोटोंच्या डब्यापाशी आलो तेव्हा ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने तिनेच माईला फोन लावला.

तारखा बदलल्या. ताईंनी सांगितल्या तशाच: १३, १५, १६, २५, २६. पोर्टलंड ते सॅन होजे आणि पुढे लॉस एंजेलिस, दोन्ही तिकिटं काल रात्री पुतण्याने काढून दिली, माझी सूट मिळाली. योसेमिटी रद्द. भाचीला वाईट वाटलं, पण सांता क्रूझच्या झाडांवर ती खूश आहे. विम्याची दोन पत्रकं समोर आहेत, आज दुपारी वाचायला बसतो.

पुतण्या थोडा हिरमुसला, दोन दिवस कमी झाले म्हणून. त्याला म्हटलं, दिवाळीला तू ये.

एकच विचारायचं राहिलं. माई म्हणते, घरी वाट बघणार नाही, स्टेशनवर येणार. वॉकर घेऊन चालते. सॅन डिएगोच्या स्टेशनात आणायला आलेल्या माणसाला गाडीच्या दारापर्यंत येऊ देतात का, की बाहेरच थांबावं लागतं?

*

प्रतिसाद, मी हा प्रवास केला आहे

येऊ देतात. सांता फे डेपो म्हणतात त्या स्टेशनला, १९१५ ची इमारत आहे, आत लांब लाकडी बाकं. फलाट उघडाच आहे, तिकीट विचारत नाहीत. आतून बाहेर सपाट जाता येतं, वॉकरला अडचण नाही. माईंना म्हणावं आत बाकावर बसा, गाडी आली की मग उठा. आणि तुम्ही कोणत्या डब्यात आहात ते गाडीत चढल्यावर फोन करून सांगा, म्हणजे त्यांना फलाटभर चालावं लागणार नाही.